उपरण्याखालचा भाव

महाळुंग्याच्या धर्माजी शेवकऱ्यांना तोंडानं भाव सांगणारा माणूस नवशिका वाटायचा. चाकणच्या शनिवारच्या बाजारात त्यांनी आजवर जेवढे बैल घेतले आणि विकले, ते सगळे उपरण्याखाली. देणाऱ्याचा हात, घेणाऱ्याचा हात, वर उपरणं. आत बोटं धरायची, दाबायची, सोडायची. भोवती उभ्या असलेल्यांना फक्त कापड हललेलं दिसतं. सौदा ठरला तरी आकडा त्या दोघांपाशीच राहतो आणि घरी बायकोला वेगळा सांगितला जातो. यातला शेवटचा भाग बाजाराच्या प्रथेत बसत नाही. ती धर्माजींची स्वतःची भर होती.

या शनिवारी त्यांना शिलेदार हवा होता. मंचरकडचे व्यापारी मारुतराव यांनी सकाळी टेम्पोतून उतरवलेला हा खिल्लार, पांढरा, मागं झुकलेल्या लांब शिंगांचा, कुठं हलगी वाजली की कान टवकारणारा. धर्माजींच्या गाड्याचे तीन बैल खणखणीत होते. चौथा आठवड्यापूर्वी लंगडायला लागला होता, आणि गावची यात्रा तोंडावर आलेली. गेल्या यात्रेत बैलगाडा शर्यतीच्या घाटातल्या भोंग्यावरून दिवसभर एकच नाव घुमलं होतं : रंगराव फलके. रंगराव शेजारच्याच आळीतले. त्या दिवसापासून धर्माजींच्या कानात तो भोंगा अधूनमधून वाजायचा. यंदा त्यावरून आपलं नाव पुकारलं जावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. बाकी सगळं झालं होतं. जमीन कंपनीला गेली, त्या पैशांतून कामगारांसाठी खोल्या बांधल्या, भाडं महिन्याच्या महिन्याला खात्यात पडत होतं.

बाजारात धर्माजींच्या पत्नी ठकुबाई सोबत आल्या होत्या. बायका सहसा येत नाहीत. पण ठकुबाईंचे वडील ओतूरकडचे बैलांचे व्यापारी, आणि बैलाचे खूर बघावेत तर त्यांच्या लेकीनंच, हे धर्माजीही मानत. भावात मात्र तिनं पडू नये, असं त्यांचं मत. घरी त्यांनी जो आकडा सांगून ठेवला होता, तो खऱ्या आकड्यापुढं वासरू होता.

ठकुबाईंनी शिलेदारचे चारही पाय उचलून बघितले, जबडा उघडून दात बघितले. "बरा हाय," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं. धर्माजींनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मारुतरावांच्या हातावर टाकलं. कापड बराच वेळ हललं. मधे एकदा मारुतराव हात सोडवून निघालेच होते, ते चार पावलांवरून परत आले. शेवटी दोघांनी मान हलवली.

"पण पैसं खात्यात," मारुतराव म्हणाले. "मलाबी त्याच पैशात आज दुसरी जोडी उचलायचीय. चारच्या आत पडलं तर बैल तुमचा. न्हाई पडलं तर माझं तोंड मोकळं."

हे मोकळं तोंड कुणीकडे वळणार, ते सांगायला नको होतं. रंगराव बैलाच्या शेपटीशी उभे राहून ती उगाच कुरवाळत होते. भाव कळला असता तर त्यावर थोडे टाकून त्यांनी तिथंच बैल सोडून नेला असता.

"आत्ता टाकतो. सकाळीच तुमचं नाव जोडून ठिवलंय," धर्माजी म्हणाले आणि फोनवर आकडा घातला. पडद्यावर चक्र फिरलं, मग पडदा लाल झाला. व्यवहार सुरक्षेच्या कारणास्तव थांबवण्यात आला आहे, असं त्यावर आलं. पाठोपाठ फोन वाजला.

धर्माजींचा फोन नेहमी स्पीकरवर असे. उमेदीची वर्षं भोसरीच्या प्रेस शॉपच्या धडधडाटात गेली होती. कानाला लावलेला फोन त्यांना आता ऐकू येत नसे.

"नमस्कार, मी बँकेच्या सुरक्षा विभागातून स्वानंद बोलतोय."

भोसरीत दिलेली त्यांची लेक करिष्मा दर फोनला बजावायची की, बँकेतून बोलतोय म्हणणारा तेवढा चोर समजायचा.

"बरं बोलतोस रे," धर्माजी म्हणाले. "घरी म्हाईत हाय का, तू काय धंदा करतोस त्ये?" आणि फोन ठेवला.

तो पुन्हा वाजला. "साहेब, मी खरंच बँकेतून..."

"बँकेतून का? मग माझ्या खात्यात किती हाय सांग."

"ते मला फोनवर सांगता येत नाही."

"बघा मंडळी, चोरच हाय!" मंडळींनी माना डोलावल्या. फोन ठेवला.

तिसऱ्या वेळी तो न थांबता बोलला, "तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये आत्ता एक संदेश आलाय, त्यात माझं नाव आणि एक क्रमांक आहे, मी तोच क्रमांक म्हणतो, तुम्ही फक्त जुळवून बघा." ठकुबाईंनी चष्मा लावला आणि बोट फिरवत जुळवला. क्रमांक तंतोतंत निघाला. मग त्या पुन्हा बैलाकडे गेल्या.

"बोला," धर्माजी म्हणाले.

"आपण किती रक्कम पाठवताय?"

भोवतीची मंडळी जवळ सरकली. रंगरावांचा हात शेपटीवरच थांबला.

"तुमाला दिसत न्हाई व्हय?"

"दिसते. पण नियमाप्रमाणे ती तुम्ही सांगायची असते."

"मीबी नेमानंच चाललोय. आमच्यात भाव तोंडानं काढत न्हाईत."

पलीकडून कळा दाबल्याचा टकटक आवाज आला.

"ही रक्कम कोणाला सांगायची नाही, असं तुम्हाला कोणी बजावलंय का?"

"बजवायला कशाला पायजे? ते कळतंच."

"ज्यांना पैसे पाठवताय त्यांची ओळख कधीपासूनची?"

"सकाळधरनं."

"त्यांनी वेळेचं काही बंधन घातलंय?"

"चार वाजंस्तोवर. न्हाईतर संपलं."

"काय संपलं?"

"सगळंच की, राव."

स्वानंदचा आवाज आता विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसा मऊ झाला. "काका, आत्ता तुमच्या आसपास कोणी आहे?"

धर्माजींनी मान फिरवून पाहिलं. "असतील पन्नासेक."

"त्यातलं कोणी तुमचं बोलणं ऐकतंय?"

"सगळीच ऐकत्यात. एक तर लईच." रंगरावांनी पुढं काढलेली मान मागं घेतली.

"घरच्यांना याची कल्पना आहे?"

ठकुबाई बैलाच्या मानेवरून हात फिरवत होत्या. धर्माजींनी फोन ओंजळीत धरला, पाठ फिरवली आणि जमेल तेवढा आवाज बारीक केला. "मालकीण हाय संगं, पर तिला खरं म्हाईत न्हाई. कळलं तर माझी धडगत न्हाई बघा."

"घाबरू नका. यापुढं फक्त हो किंवा नाही म्हणा. तुम्हाला कोणी डांबून ठेवलंय का?"

"मला? मी मोकळा हाय. बांधलाय त्यो त्याला."

"कोणाला?"

"शिलेदारला! त्यो काय, खुंट्याला."

पलीकडे कळांची टकटक जोरात सुरू झाली. "काका," स्वानंद अखेर म्हणाला, "तुमचे पैसे आम्ही पूर्ण सुरक्षित केलेत. आता तुमच्या खात्यातून एक रुपयाही बाहेर जाणार नाही." आजवर धर्माजींना इतकी भयंकर धमकी कुणी दिली नव्हती.

मारुतरावांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग रंगरावांकडे बघितलं.

"मी येतो की शाखेत सोडाया," रंगराव पुढं झाले. "माझी गाडी हाय. शेजारीच एकमेकाच्या उपेगी पडायचा, धर्माजीराव." धर्माजी नको म्हणणार, तोवर ठकुबाई मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या.

बाजारापासून बँकेची शाखा पायी गेलं असतं तर लवकर आली असती. चौकात एक कंटेनर वळत होता आणि त्याला वाट करून द्यायला कुणीच मागं सरायला तयार नव्हतं. त्या वेळात रंगरावांनी तीन वेगवेगळे आकडे सहज बोलून पाहिले आणि आरशातून धर्माजींचा चेहरा तपासला. धर्माजींनी चेहरा खिडकीबाहेर ठेवला. शेवटी रंगरावांनी आपली काळी गाडी बँकेच्या दारातच, गाड्या लावू नयेत या पाटीखाली लावली.

शाखेच्या व्यवस्थापक मृदुला केतकर यांना चिंचवडहून बदलून येऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांनी खात्याची माहिती पडद्यावर उघडली, एकदा वाचली आणि धर्माजींना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काका, इथं लिहिलंय, ग्राहक दबावाखाली आहे. आसपास अंदाजे पन्नास व्यक्ती. शिलेदार नावाचा एक इसम बांधलेल्या अवस्थेत." त्या थांबल्या. "पोलिसांना बोलावू का?"

"बैल हाय त्यो!"

धर्माजींनी मग सगळं सांगितलं. बाजार, उपरणं, चारची मुदत. मृदुलाबाईंनी ओठ घट्ट मिटून ऐकलं. हसू आवरायला ते गरजेचं होतं. पण खातं उघडणं त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हतं. ते स्वानंदच्या विभागानं बंद केलेलं, त्यांनीच उघडायचं, आणि त्यासाठी रक्कम रेकॉर्डवर तोंडानं सांगायची.

धर्माजींनी केबिनच्या काचेतून बाहेर पाहिलं. रंगराव पासबुक भरायच्या यंत्रापाशी, पासबुक नसताना, उभे होते.

"सांगतो. दार लावा, हळूच सांगतो."

"तुम्ही नाही. खातं जोडीचं आहे. तुम्ही फोनवर म्हणालात की पत्नीला खरं माहीत नाही, म्हणून आता रक्कम त्यांनीच सांगायची, असा शेरा पडलाय."

"अवो बाई, तिला म्हाईत न्हाई तर ती सांगंल कशी?"

"म्हणजे आधी तुम्ही त्यांना सांगायची. नवरा-बायको एकदा मोकळेपणानं बोलले की फसवणूक बहुतेक वेळा जागच्या जागी उघडी पडते."

बाईंचं हे म्हणणं धर्माजींना मनोमन पटलं. म्हणूनच त्यांना घाम फुटला.

ठकुबाईंना आत बोलावलं. त्यांच्या मागोमाग रंगरावही दारात येऊन टेकले. "वहिनी, सही करायला साक्षीदार लागला तर मी हाय."

ठकुबाईंनी खुर्चीत बसता बसता काचेबाहेर नजर टाकली. "भावजी, त्या टोइंगवाल्यांनी उचलली ती काळी गाडी तुमचीच का वो?"

रंगराव एक चप्पल दारात तशीच टाकून धावले. मग त्या चपलेसाठी परत आले आणि पुन्हा धावले.

"कुठं हाय टोइंगवाला?" धर्माजींनी मान उंचावून बघितलं.

"आला नव्हता अजून," ठकुबाई म्हणाल्या.

रंगरावांना गाडी जागेवरच दिसली, पण वरची पाटीही दिसली. त्यांनी गाडी तिथून काढली. चाकणात भर बाजाराच्या दिवशी कडेची गाडी एकदा काढली की ती पुन्हा लावायला जागा मिळत नाही. गर्दी ढकलत ढकलत नाशिक हायवेला नेऊन सोडते. काचेतून त्यांची गाडी नाखुशीनं पुढं पुढं सरकताना दिसत राहिली.

मृदुलाबाईंनी दार लावलं, फोन टेबलावर ठेवला. स्वानंद पलीकडे आला. "ठकुबाई शेवकरी बोलताय ना? तुमच्या खात्यातून किती रक्कम जातेय, ते तुम्हाला माहीत आहे?"

"जरा दम धरा, साहेब," ठकुबाई म्हणाल्या. "आमचं बोलणं व्हायचंय."

त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढून टेबलावर पसरला आणि नवऱ्याचा हात त्याच्याखाली घेतला. मृदुलाबाई बघत राहिल्या. पदर हलला. थोडा इकडं, थोडा तिकडं, मग पंजा घट्ट झाला, मग दोन बोटं राहिली. धर्माजींच्या चेहऱ्यावरचा रंग पायरीपायरीनं उतरत गेला. तो खरा आकडा होता. वासरू नव्हे, पुरता बैल.

"तुला कसं कळलं गं?"

"उपरणं बोटं झाकतं. कोपर कुठं झाकतं?" ठकुबाई म्हणाल्या. "बाच्या शेजारी बसून हेच बघत वाढले मी. तुमचं कोपर तर दाबायच्या आधीच हलतं."

"मंजे... मागचा तांबडा? आन त्याच्याआधीची जोडी?"

"समदे."

लग्नापासून घेतलेले सगळे बैल, घरी सांगितलेल्या आपापल्या भावासकट, धर्माजींच्या डोळ्यांपुढून शिस्तीत चालत गेले. पदराखाली अजून हालचाल होती. ठकुबाईंनी त्यांची सगळी बोटं सोडून एकच धरलं.

"ह्ये काय? एक?"

"माझं एक म्हणणं हाय."

"एक काय?"

"मागनं सांगीन. कबूल असंल तर पंजा दाबा."

जनावर न बघता धर्माजींनी आयुष्यात सौदा केला नव्हता. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, चाराला थोडीच मिनिटं होती. डोळ्यांपुढं शिलेदार आला, दावं रंगरावांच्या हातात असलेला.

त्यांनी पंजा दाबला.

"झालं का तुमचं?" मृदुलाबाईंनी विचारलं. "हे काय होतं नेमकं?"

"तुमीच म्हणाला न्हवं, मोकळेपणानं बोला म्हणून," ठकुबाई म्हणाल्या आणि फोनवर वाकल्या. त्यांनी आकडा सांगितला. स्पष्ट, न अडखळता, पंचायतीत हजेरी द्यावी तसा. मृदुलाबाईंच्या भुवया वर गेल्या. "एका बैलाचे?" त्या पुटपुटल्या.

"रक्कम बरोबर आहे," स्वानंद म्हणाला. "शेवटचा प्रश्न. तुमच्यावर किंवा तुमच्या पतीवर कोणाचा दबाव आहे का?"

"माझ्यावर न्हाई. त्यांच्यावर हाय."

"कोणाचा?"

"माझा."

कळांची टकटक पुन्हा सुरू व्हायच्या आत मृदुलाबाईंनी फोन जवळ ओढला. "स्वानंद, मी केतकर. दोघे माझ्यासमोर बसलेत, मी शाखेतून दुजोरा देते. सोडा व्यवहार, नाहीतर हे बैलच इथं घेऊन येतील."

दोघं पायीच बाजारात परतले. मारुतराव हातातल्या फोनकडे बघत हसत होते. त्यांनी शिलेदारचं दावं धर्माजींच्या हातात दिलं. रंगराव आले तेव्हा बैल टेम्पोत चढला होता. ते चिंबळी फाट्यावरून गाडी वळवून आले होते.

"किती... म्हंजे, झालं का काम?" त्यांनी विचारलं.

"झालं की. शेजाऱ्याची लई मदत झाली," ठकुबाई म्हणाल्या.

धर्माजींनी त्या एका बोटाचा विषय स्वतःहून काढला नाही. काढला नाही तर ती विसरेल, अशी त्यांना आशा होती. यात्रेच्या आदल्या दिवशी पंचमंडळींकडे गाडामालकांची नावं द्यायची असतात. धर्माजी नव्या टोपीत घराबाहेर पडायला निघाले, तेव्हा ठकुबाई गोठ्यात शिलेदारला खरारा करत होत्या.

"नाव माझं सांगा," त्यांनी आतूनच आवाज दिला.

"कसलं नाव?"

"गाड्याचं. भोंग्यावर माझं नाव पुकारायचं. आधी माझं, मग तुमचं. त्येच त्ये एक."

धर्माजी उंबऱ्यातच थांबले. "अगं, दुसरं काय बी माग. पाटल्या माग."

"पाटल्या हायत मला."

"लोकं हसतील मला."

"पंजा कुणी दाबला?"

उपरण्याखाली ठरलेला सौदा धर्माजींनी कधी मोडला नव्हता, आणि पदर काही उपरण्यापेक्षा हलका धरता येत नव्हता. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी घाट दोन्ही बाजूंनी माणसांनी भरला होता. शिफ्ट संपवून थेट आलेली पोरं कंपनीच्या गणवेशातच दरडीवर बसली होती. खाली शिलेदार जुंपला गेला. हलगी कडाडली, त्याचे कान ताठ झाले. भोंगा खरखरला.

"सावधान! यानंतर घाटात येत आहे महाळुंग्याच्या गाडामालकीण, सौभाग्यवती ठकुबाई धर्माजी शेवकरी यांचा गाडा! गाडा सुटतोऽय..."

दरडीवरच्या माना एकदम वळल्या. कुणीतरी शिट्टी मारली. गाडा सुटला, आणि पापणी लवते न लवते तोच निशाणापार गेला. वरून भंडाऱ्याचा पिवळा ढग उतरला. निवेदकाला इतका जोर चढला की गाडा कधीच थांबला, तरी तो एकच नाव पुन्हा पुन्हा पुकारत राहिला. पहिल्या नंबरात! ठकुबाई शेवकरी! ठकुबाई शेवकरी! त्याला धापही लागली होती, त्यामुळं दरवेळी तो ठकुबाईंपर्यंत पोचायचा आणि धर्माजी आत यायच्या आधी श्वास संपायचा.

बायकांच्या घोळक्यात ठकुबाई पदर सावरत उभ्या होत्या. बँकेच्या मृदुलाबाई मुद्दाम यात्रा बघायला आल्या होत्या. त्या शेजारी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

रंगराव भंडाऱ्यानं पिवळे झालेले धर्माजींच्या कानाशी आले. "मानलं, राव. आता तरी सांगा. केवढ्याला पडला शिलेदार?"

धर्माजींनी थोडा विचार केला. मग खांद्यावरचं उपरणं काढून हातावर टाकलं आणि हात पुढं केला. रंगरावांचे डोळे चमकले. त्यांनी इकडंतिकडं बघून झटकन उपरण्याखाली हात घातला. धर्माजींनी कोपर अंगाशी घट्ट धरलं आणि त्यांचं एकच बोट दाबलं.

रंगराव गोंधळले. "एक? एक काय?"

"मीबी त्येच इचारलं होतं," धर्माजी म्हणाले. "पर आधी पंजा दाबला, मग इचारलं."

वर भोंगा पुन्हा ठकुबाईंचं नाव घेत होता.